‘ने’ म्हणजे हो का नाही? एका अक्षरापायी जहाजावर झालेला घोळ, आणि तुमच्याकडचे ने, ना, नो

खाडीकाठचा_फोर्थ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आत्ता रजेवर गुहागरला घरी आलोय, बाहेर पाऊस लागलाय, लाइट आहे तोवर लिहून घेतो.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. ही गोष्ट मी फोर्थ, म्हणजे चौथा इंजिनिअर, होतो तेव्हाची. त्याच्या आधीच्या जहाजावर आमचा सेकंड इंजिनिअर क्रोएशियाचा होता, रियेकाचा. माणूस चांगला, पण घाईत असला की इंग्लिश बाजूला पडायचं आणि तोंडातून ‘ने’ निघायचं, म्हणजे नाही. हे करू? ने. चहा घेणार? ने. सहा महिने हेच कानावर, आणि आपल्याला तर ते सोपंच वाटतं कारण आपण पण घरात ‘नै’च म्हणतो की. नै जमणार, नै येत. तर डोक्यात पक्कं बसलं की ने म्हणजे नाही.

पुढच्या जहाजावर चीफ इंजिनिअर ग्रीक. चढून चारपाच दिवस झाले असतील. मी ट्रान्स्फर पंप लावून बंकर टँकमधनं (इंधनाचा साठा) सेटलिंग टँकला (तिथे तेलातला गाळ खाली बसतो) तेल घेत होतो, हे काम फोर्थचंच असतं. इंजिनरूममध्ये मेन इंजिन चालू असताना कानावर मफ असतात, बोलणं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडणं. लेव्हल वर आलेली दिसली म्हणून मी चीफला ओरडून विचारलं, पंप बंद करू का? तो म्हणाला, ने, ने. मी म्हटलं ठीक आहे, नको म्हणतोय म्हणजे त्याला अजून थोडं तेल हवं असेल, सिनिअर माणूस आहे, काहीतरी हिशोब असेल, आणि मी प्युरिफायरकडे निघून गेलो. वीसेक मिनिटांनी सेटलिंग टँकचा हाय लेव्हल अलार्म वाजला. मी पळत येईपर्यंत तेल ओव्हरफ्लो टँकमध्ये जायला लागलं होतं. डेकवर एक थेंब गेला नाही, समुद्रात नाही, ती व्यवस्था असतेच, पण त्या दोन मिनिटांत माझे हातपाय गार पडले होते. चीफ आला, पंप बंद केला, आणि मला एकच विचारलं की मी बंद कर म्हटलं होतं ना तुला?

ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. नाही म्हणजे ओही. दोन्ही मला त्या रात्री कळलं.

हा ओही ग्रीसमध्ये किती मोठा शब्द आहे तेही नंतर चीफकडूनच कळलं. २८ ऑक्टोबर १९४० ला मुसोलिनीच्या इटलीने आम्हाला आत येऊ द्या म्हणून निर्वाणीचा खलिता दिला, ग्रीसच्या पंतप्रधान मेटाक्सासने तो धुडकावला, आणि तो दिवस आजही ‘ओही’चा दिवस म्हणून सुट्टीचा असतो. म्हणजे नाही म्हटल्याचा राष्ट्रीय सण. ५ जुलै २०१५ ला कर्जाच्या अटींवर सार्वमत झालं तेव्हाही मतपत्रिकेवर हेच दोन शब्द, ओही आणि ने, आणि ६१ टक्क्यांहून जास्त लोकांनी ओही केलं.

आणि गंमत बघा, थेस्सालोनिकीहून सोफियाला जाणारा रस्ता प्रोमाहोनास आणि कुलाताच्या नाक्यावर सरहद्द ओलांडतो. नाक्याच्या ह्या बाजूला ग्रीस, तिथे ने म्हणजे हो. पलीकडे बल्गेरिया, तिथे ने म्हणजे नाही. काही पावलं चाललं की अक्षर तेच, अर्थ उलटा. वर बल्गेरियात मान पण आपल्या उलट हलवतात, हो म्हणताना डावीउजवीकडे आणि नाही म्हणताना वर.

धागा काढण्याचं कारण म्हणजे मला तुमच्याकडचे असे ने, ना, नी, नो हवेत. नुसती यादी नको, ती कुठेही मिळते. कोण, कुणाला, कुठे उभं राहून, कुठल्या सुरात म्हणालं तेवढं लिहा. माझं मत असं झालंय की ह्या एवढ्याशा शब्दांचा अर्थ निम्मा त्यांच्या जागेत आणि सुरात असतो, आणि डिक्शनरीत नेमकं तेच नसतं.

घाटकोपरची_सून

वा, मस्त धागा. मी माहेरची कोकणस्थ, सासर गुजराती, लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी ‘ने’नेच मला रडवलंय.

सासूबाई रोजचा हिशोब एका लाल वहीत लिहायच्या. मला गुजराती लिपी यायला लागली होती, देवनागरीसारखीच असते बरीचशी, फक्त डोक्यावर रेघ नाही. एक दिवस त्यांना बरं नव्हतं म्हणून महिन्याचा हिशोब मी करायला घेतला. वहीत ‘दूधवाळाने ५०० आप्या’. आप्या म्हणजे दिले हे माहीत होतं. मी वाचलं दूधवाल्याने ५०० दिले. जमेच्या बाजूला टाकले. पुढे ‘भाईने २००० आप्या’, भाऊंनी दोन हजार दिले, तेही जमा. संध्याकाळपर्यंत आमच्या घरात दूधवाला, इस्त्रीवाला, सगळेच पैसे आणून देत होते. सासऱ्यांनी बघितलं आणि म्हणाले बेटा हे सगळं आपण *त्यांना* दिलेलं आहे.

गुजरातीत ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. दूधवाल्याला ५०० दिले. आता हे तिन्ही शेजारी ठेवून बघा:

मराठी: रामाने रावणाला मारलं.
हिंदी: राम ने रावण को मारा.
गुजराती: रामे रावणने मार्यो.

म्हणजे मराठी आणि हिंदीत ज्याला ‘ने’ लागलं तो मारणारा, आणि गुजरातीत ज्याला ‘ने’ लागलं तो मार खाणारा. मुंबईत एकाच बिल्डिंगमध्ये तिन्ही भाषा बोलतात आणि तरी कुणी कुणाला मारलंय ह्यावर भांडण होत नाही हे मला अजूनही आश्चर्यच वाटतं.

शिवाय त्यांचा अजून एक ने आहे तो फार गोड आहे. ‘आवो ने’, ‘बेसो ने’, ‘खाओ ने’. म्हणजे या ना, बसा ना, खा ना. पाहुणा दारात उभा असतो आणि सासूबाई ‘बेसो ने’ म्हणतात तेव्हा तो ‘ने’ जरा लांबतो आणि वर जातो. नुसतं ‘बेसो’ म्हटलं तर हुकूम वाटेल. आणि ‘हुं ने तुं’ म्हणजे मी आणि तू, तिथे ने म्हणजे आणि.

मूळशोध

@घाटकोपरची_सून, तुमच्या तीन वाक्यांत एक सोनं आहे. गुजरातीतला ‘रामे’ बघा. जुन्या मराठीत आपणही असंच म्हणायचो, ज्ञानदेवें, रामें. ‘ने’ शिवाय, नुसता ‘ए’. गुजरातीने ते रूप ठेवलं, आपण ‘ने’वर आलो. आणि मी-तूला आपण आजही ने लावत नाही, मी केलं, तू केलंस, पण त्याने केलं. हिंदीवाले मात्र मैंने, तूने. म्हणून मराठी मुलं हिंदी शिकताना ‘मैं किया’ म्हणतात, मास्तर ओरडतात, पण पोरांच्या तोंडून मराठी व्याकरण बोलत असतं.

रांजणगाव_शिफ्ट

मी पण सांगतो. एका कोरियन कंपनीत क्वालिटीला होतो, पुणे नगर रोडला, सहा वर्षं. कोरियनमध्ये पण ने म्हणजे हो. पण माझा प्रॉब्लेम वेगळाच झाला, मला ते ‘ने’ ऐकूच यायचं नाही, मला ऐकू यायचं ‘दे’.

पहिला आठवडा. इन्स्पेक्शन टेबलावर मी पार्ट मोजतोय, हातात व्हर्निअर, कोरियन साहेब शेजारी उभे. मी रीडिंग दाखवून विचारलं ओके सर? ते म्हणाले दे. मी व्हर्निअर दिला. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत टेबलावर ठेवला. मी दुसरा पार्ट मोजला, ओके? दे. परत दिला. तिसऱ्यांदा ते हसायला लागले पण कळत त्यांनाही नव्हतं आणि मलाही. शेवटी इंटरप्रिटर मॅडम आल्या, त्यांनी सांगितलं की सर हो म्हणतायत, ने म्हणतायत. सेऊलकडचे लोक शब्दाच्या सुरुवातीचा न असा झटक्यात सोडतात की नाकातला आवाज जवळजवळ निघतच नाही आणि आपल्या कानाला तो द वाटतो. त्यांना स्वतःला मात्र तो न च ऐकू येतो.

नंतर हळूहळू कळलं की हो हा पण त्याचा पूर्ण अर्थ नाही. फोनवर ते ‘ने, ने, ने’ करत असतात त्याचा अर्थ मी ऐकतोय, पुढे बोला. मान्य आहे असा नाही. आमच्याकडे एका सप्लायरने तारीख वाढवून मागितली, साहेब अख्खा वेळ ने ने करत होते, सप्लायर खूश होऊन गेला, दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले मी कधी हो म्हटलं? आणि ‘ने?’ असा सूर वर नेला तर काय म्हणालात, परत सांगा.

अजून, ‘ने गे’ म्हणजे चार नग. चारला मोजताना ने होतो. म्हणजे रिजेक्शन किती म्हणून विचारलं आणि उत्तर ने गे आलं तर ते हो नाही, चार आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नकारार्थी प्रश्न. माल आला नाही का अजून? ‘ने.’ म्हणजे बरोबर, नाही आला. आपणही कधीकधी म्हणतो ना, ‘जेवला नाहीस?’ ‘हो, नाही जेवलो’. पण इंग्लिशमध्ये मेल लिहिताना त्यांनी यस लिहिलं की आमचे लोक माल आला समजून लाइन लावायचे. मग मी प्रश्नच बदलले. आला नाही का असं विचारायचंच नाही, किती आला ते विचारायचं.

खाडीकाठचा_फोर्थ

@रांजणगाव_शिफ्ट, तुमची शेवटची ओळ शंभर टक्के. आमच्याकडे तेच झालं. त्या रात्रीनंतर चीफने नियम केला की हो-नाही चालणार नाही, पूर्ण वाक्य परत म्हणायचं. बंद करू का? उत्तर: पंप बंद कर. मी: पंप बंद करतोय. हे काही चीफचं डोकं नव्हतं. आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, २००१ मध्ये जहाजावर बोलायची ठरावीक इंग्लिश वाक्यं मंजूर केली आहेत, त्यात स्पष्ट सांगितलंय की उत्तर हो असेल तर यस म्हणा आणि पुढे पूर्ण वाक्य म्हणा, नाही असेल तर नो आणि पुढे पूर्ण वाक्य. कॉलेजात आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. विमानवाले तर यस नो वापरतच नाहीत, अफर्म आणि निगेटिव्ह म्हणतात. एका अक्षराचा शब्द रेडिओच्या खरखरीत गेला तर गेला, अख्खं वाक्य सहसा जात नाही.

संस्कृतप्रेमी

सुंदर चर्चा. पण मूळ कुणी सांगितलं नाही. हा सगळा आपल्या संस्कृत ‘न’चा विस्तार आहे. न म्हणजे नाही, तोच फारसीत ना, रशियन-बल्गेरियनमध्ये ने, लॅटिनमध्ये ने, इंग्लिशमध्ये नो. ग्रीकांनी तो बहुधा उलटा घेतला असावा, आणि पूर्वेकडे बौद्ध धर्माबरोबर कोरिया-जपानपर्यंत गेला असावा.

मूळशोध

@संस्कृतप्रेमी, पहिलं अर्धं बरोबर आहे, फक्त ‘विस्तार’ हा शब्द नको. संस्कृतचा न, अवेस्तातला (पारशांच्या धर्मग्रंथातला) न, लॅटिनचा ने, स्लाव्हिक ने, जुन्या इंग्लिशमधला ने ही सगळी भावंडं आहेत, एका जुन्या मूळ भाषेची लेकरं. संस्कृत त्यातली थोरली म्हणा हवं तर, पण आई नव्हे. आणि ह्या भावंडांचे संसार बघण्यासारखे आहेत. इंग्लिशचा नो म्हणजे जुना ‘ने’ अधिक ‘कधीही’. जर्मन नाइन म्हणजे ‘ने’ अधिक ‘एक’, एकही नाही. लॅटिनचा नोन तसाच. फ्रेंचमध्ये तर ‘ने’ला आधार म्हणून मागे ‘पा’ लावायला लागले, पा म्हणजे पाऊल, एक पाऊलही चालत नाही अशा अर्थी, आणि आता बोलताना लोक ‘ने’ गाळतात आणि बिचारं पाऊलच नाही म्हणायचं काम करतं.

पण ग्रीक ‘ने’ ह्या घरातला नाही. प्राचीन ग्रीकमध्येसुद्धा तो हो म्हणायलाच होता, कुणी उलटा केलेला नाही. ग्रीकांचा ‘नाही’ वेगळ्याच शब्दाचा, त्या जुन्या ‘ऊही’चाच आजचा ओही झाला. आणि तुम्हाला ग्रीक-संस्कृत नातं हवंच असेल तर ते खरं आहे, फक्त दुसरीकडे आहे: संस्कृत ‘मा’, मा कुरु, नको करूस मधला मा, ह्याचा सख्खा भाऊ ग्रीकमध्ये आहे, पूर्वी मे, आजच्या उच्चारात ‘मी’. अर्थ नको, करू नका.

कोरियन-जपानी ने मात्र योगायोगच. बौद्ध धर्माबरोबर शब्द खूप गेले, पण हो-नाही, हं-ना हे शब्द माणूस आईच्या कडेवर शिकतो, धर्मग्रंथातून नाही. आणि जगात ७,००० च्या आसपास भाषा, न हा व्यंजन जवळजवळ सगळ्यांकडे, एक व्यंजन एक स्वर असा शब्द म्हटला की कुठे ना कुठे जुळणारच.

कान कसा फसतो ह्याचं घरचं उदाहरण देतो. ‘बदनाम’. फारसीतून आलेला शब्द. बद म्हणजे वाईट, इंग्लिश बॅड म्हणजेही वाईट, आवाज जवळजवळ तोच, शपथेवर सांगावंसं वाटतं की एकच शब्द आहे. काही संबंध नाही. आणि नाम, इंग्लिश नेम, हे मात्र खरोखर नात्यातले. एकाच शब्दाचा पुढचा अर्धा भाग योगायोग आणि मागचा अर्धा रक्ताचा, आणि नुसतं ऐकून दोन्ही सारखेच पटतात.

खाडीकाठचा_फोर्थ

अरे देवा, ‘मी’! आत्ता उलगडलं. कुणी ऑइलर, म्हणजे इंजिनरूमचा खलाशी, गरम स्टीम लाइनकडे हात नेत असला की चीफ लांबून ‘मी, मी!’ ओरडायचा. मला वाटायचं तो म्हणतोय थांब मी येतो. दोन वर्षांनी आज कळतंय तो नको म्हणत होता.

निहोंगो_एन२

जपानी ‘ने’ राहिला. पुण्यात जपानी शिकणारे भरपूर आहेत त्यामुळे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. जपानी ने म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, तो सरळ आपला ‘ना’ आहे. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, पहिल्याच तासाला सांगितलं की इंग्लिशमधून समजून घेऊ नका, डोक्यात ‘ना’ ठेवा. ‘ईई देस ने’ म्हणजे छान आहे ना. ‘सो देस ने’ म्हणजे ‘हो ना!’ अगदी त्याच सुरात, मान डोलावत. माझ्याबरोबर दिल्लीची एक मुलगी होती ती पण पटकन शिकली, हिंदीत पण ना आहेच. इंग्लिश मीडियमचा विचार करणारे मात्र इझंट इट लावत बसायचे आणि अडखळायचे.

पण ‘ना’ला जपा. जपानीत क्रियापदाला ना लावला की मनाई. ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस, आणि जरा दरडावूनच. आपण ‘जा ना’ म्हणतो ते अजिजीने. मी सुरुवातीला एकदा होस्ट फॅमिलीतल्या आजोबांना, या ना, बसा ना अशा भावनेने काहीतरी ‘ना’ लावून बोलले आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. आजींनी समजून घेतलं आणि मला हळूच सांगितलं.

गिरणाकाठ

खान्देशी माणसाला कुणी विचारतच नाही. आमच्या अहिराणीत ‘ना’ म्हणजे चा. मना भाऊ म्हणजे माझा भाऊ. गावना माणूस, घरना दरवाजा. पुण्यात हॉस्टेलला होतो तेव्हा आईचा फोन आला की मी ‘मना… मना…’ बोलायचो, रूम पार्टनर सांगलीचा, त्याला वाटायचं हा सारखा कुणालातरी नाही म्हणतोय, मनाई करतोय. एकदा त्याने विचारलंच की घरी काही वाद चाललाय का. मी म्हटलं अरे ज्याला तू नाही समजतोस त्याने आम्ही माझं म्हणतो. तेव्हापासून तो पण माझ्या आईशी बोलताना ‘मनी माय’ म्हणतो.

गुजरातीत पण नो, नी, नुं असंच आहे ना, रामनो भाई? आमचं आणि त्यांचं तिथे जुळतं. शेजारीच आहोत.

निहोंगो_एन२

@गिरणाकाठ, आणि जपानीत पण ‘नो’ म्हणजे चा! रामु नो होन, रामूचं पुस्तक. गुजराती माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

क्राकूव_ऑनसाइट

नोवरून आठवलं. पोलिश लोक बोलताना हो साठी ‘नो’ म्हणतात. पुस्तकी हो वेगळा आहे, ‘ताक’, पण मित्रांत, फोनवर, कँटीनमध्ये नो, नो, नो. हो, हं, बरोबर, असं. चेक लोकांचंही तेच. मी इथे आल्यावर पहिल्या महिन्यात घर बघायला गेलो, घरमालक बाई फोनवर मुलीशी बोलत होत्या आणि माझ्याकडे बघत नो, नो, नो. मी समजलो घर देत नाहीत. बॅग उचलून जिन्यापर्यंत गेलो. त्या मागून किल्ल्या घेऊन आल्या.

आणि आपला नो विसरू नका. मुलांनो, मित्रांनो, भावांनो. आपल्याकडे नो म्हणजे हाक.

बार्देशकार

कोंकणीत ‘न्हय’. नव्हे म्हणायला तोच आणि वाक्याच्या शेवटी सूर वर नेऊन ‘हो ना?’ म्हणून विचारायलाही तोच. बेळगावकडे कन्नडमध्ये अल्वा म्हणतात तोही तसाच, नव्हे का वरून आलेला. पोर्तुगीज लोकांचा ‘ने’, ब्राझीलमध्ये तर दर वाक्याला, तो पण ‘नाऊं ए’, म्हणजे ‘नाही का’ असं झिजून झालेला. नाही मधूनच हो वदवून घ्यायची खोड सगळ्यांनाच दिसते.

हांबुर्ग_दप्तर

+१. उत्तर जर्मनीत सेम. येतोयस ने? असा आखूड, सूर वर, म्हणजे ना. आणि लांब सपाट ‘नेSS’ म्हणजे नाही. तेच अक्षर, फरक लांबीचा आणि सुराचा. बव्हेरियात गेलो की ने नाही, ‘गेल’.

संस्कृतप्रेमी

@मूळशोध, आई-भावंडांचा मुद्दा मान्य. बदनामचं उदाहरण दुपारपासून डोक्यात फिरतंय. पण संस्कृतमधलीच एक गोष्ट ह्या धाग्याला द्यायची राहिली, आणि मला वाटतं ती धागाकर्त्याच्या ‘जागा आणि सूर’ ह्या म्हणण्याला थेट लागू आहे.

वेदांत ‘न’ला दोन अर्थ आहेत. एक नाही. दुसरा ‘सारखा’. ऋग्वेदात विष्णूबद्दल ‘मृगो न भीमः’ असं येतं. आजच्या संस्कृतने वाचलं तर ‘हरिण भयंकर नाही’ असं काहीतरी होईल. खरा अर्थ भयंकर श्वापदासारखा. मग कळायचं कसं? यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या त्याच्या ग्रंथात, ह्याचा विचार केलाय, तोही अडीच हजार वर्षांच्या आसपास मागे. तो म्हणतो लोकांच्या बोलण्यात न म्हणजे नाहीच, वेदात मात्र दोन्ही. आणि ओळखण्याची खूण जागेची: ज्याला नाकारायचं त्याच्या *आधी* आला तर नाही, ज्याची उपमा द्यायची त्याच्या *नंतर* आला तर सारखा.

आता मराठी ना ला हे लावून बघा. ‘ना घर ना दार’, आधी आला, नाही. ‘चल ना’, ‘हो ना’, ‘तूच ना?’, नंतर आला, नाही चा मागमूस नाही. यास्क आपल्या चाळीत येऊन बसला असता तर त्याने हेच सूत्र सांगितलं असतं.

घाटकोपरची_सून

@संस्कृतप्रेमी, फार आवडलं, पण एक शंका. ‘तो ऐकेना’? ‘पाऊस थांबेना’? तिथे ना नंतरच आलाय आणि अर्थ नाहीच आहे.

संस्कृतप्रेमी

बरोबर पकडलंत. मग जागा एकटी पुरत नाही.

मूळशोध

चिकटून आलाय का सुटा आलाय ते बघा. ‘पाऊस थांबेना’, चिकटला, नकार. ‘पावसा, थांब ना’, सुटा, विनवणी. आणि क्रियापदाचं रूपही वेगळं आहे, थांबे आणि थांब. कानाला तर लगेच कळतं, थांबेना एका दमात खाली येतो, थांब ना मध्ये ना वर जातो. पाच वर्षांचं पोरही चुकत नाही. परदेशी माणसाला मराठी शिकवणाऱ्याने मात्र हे दोन पावसाचे वाक्य पहिल्या दिवशी शिकवावेत असं मला मनापासून वाटतं.

हैदराबादी_मराठी

थोडं अवांतर, पण आपला ‘नको’ दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत, गेला आणि ‘नक्को’ झाला. इथे रिक्षावाला पण ‘नक्को साब’ म्हणतो. लखनौचा माणूस आला की त्याला हा शब्द कुठून आला ते कळत नाही, आम्ही सांगतो, आमचा आहे.

टिपणवही

वाचनखूण साठवली. @खाडीकाठचा_फोर्थ, एक विचारायचं होतं. बल्गेरियाच्या मानेचं तुम्ही लिहिलंत, ग्रीक लोकांच्या मानेचं काय? चीफने ने म्हणताना मान कशी हलवली होती ते आठवतंय का? इंजिनरूममध्ये ऐकू येत नसेल तर लोक मानेकडेच बघत असतील ना?

खाडीकाठचा_फोर्थ

बघतात. म्हणूनच हा प्रश्न मला टोचला.

ग्रीक नाही म्हणताना मान आडवी हलवत नाहीत. हनुवटी आणि भुवया वर उचलतात, डोकं किंचित मागे, आणि बऱ्याचदा जीभ टाळूला लावून ‘च्यक’ असा आवाज. आपल्याकडे गावाला म्हातारी माणसं बसल्या जागेवरून नाही म्हणायला करतात ना, तसाच तो च्यक. आणि हो म्हणताना डोकं एका खांद्याकडे तिरकं करून खाली आणतात. सावकाश, एकदाच. म्हणजे जवळपास आपलंच, आपण बरं, चालेल म्हणताना डोकं कलंडवतो ते.

त्या रात्री चीफने ते केलं असणार. तो नेहमीच करायचा, पुढच्या पाच महिन्यांत मी रोज बघितलं. ती मान मला नक्की कळली असती, ती शिकायला ग्रीक यायची गरजच नव्हती. पण मी प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत नजर परत टँकच्या लेव्हल गेजवर नेली. कानाने ‘ने’ ऐकलं, आणि मान बघितलीच नाही.